ताडपत्रीवाल्या मिलिंदचं शीड

मिलिंदच्या बायकोचा, रंजनावहिनींचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनचा जिना उतरत होतो. सकाळचे पावणेदहा वाजले असतील. "भाऊजी, हे मशीनवर बसल्या बसल्या पडले. दवाखान्यात आणलं, पण डॉक्टर म्हणून राहिले..." मी जिन्याच्या मधोमध उभा राहिलो आणि खालून येणारी माणसं मला वळसा घालून वर जात राहिली. त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो लिहायला लाज वाटते, पण हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. विचार असा होता, की आता त्याला खरं सांगायचं राहूनच गेलं.

मिलिंद आणि मी नंदनवनच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. बारावीनंतर मी कॉलेजात गेलो आणि पुढे सदरच्या एका कार्यालयात कारकून झालो. तो वडिलांच्या ताडपत्रीच्या दुकानात बसला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, त्यात जाड कापड शिवणारं जुनं काळं मशीन आणि जमिनीवर पसरलेल्या हिरव्या-निळ्या ताडपत्र्या. ट्रकची झाकणं, मांडवाची छतं, उन्हाळा संपला की कूलरची कव्हरं... शिवायचं म्हटलं की त्याला कशाचीच ना नसे. एकदा एका गिऱ्हाइकानं विहिरीला झाकण मागितलं, तर यानं तेही मोजून गोल शिवून दिलं. लग्नानंतर रंजनावहिनीही दुकानात बसू लागल्या. कडा दुमडून शिवणं आणि कोपऱ्यांना कड्या बसवणं हे त्यांचं काम. मिलिंद म्हणायचा, "मधलं माह्यं, कोपरे हिचे. ताडपत्री फाटते ती नेहमी मधातच."

समुद्राचा विषय निघाला तो दुकानातच. आम्ही चाळिशी ओलांडली होती. रत्नागिरीला माल नेणारा एक ट्रक दुकानासमोर उभा होता आणि मिलिंद त्याची ताडपत्री ताणून बघत होता. ट्रक गेल्यावर हात झटकत मला म्हणाला, "दिल्या, पंचवीस वर्षं झाली, माह्या ताडपत्र्या समुद्रावर जाऊन राहिल्या. मी कधी गेलो नाही. काहून गा?" मी म्हटलं, दोन दिवस गणपतीपुळ्याला जाऊन येऊ, सहलीची गाडी जातेच. तो म्हणाला, "गाडीनं नाही जाचं. पायी जाचं. वरतून खालपर्यंत." त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरमागचा नकाशा काढला आणि रेवसपासून रेडीपर्यंत, म्हणजे अख्ख्या कोकण किनाऱ्यावर, बोट फिरवलं. मला वाटलं, आठवड्यात विसरेल. आठवड्यानं त्यानं हिरव्या कॅनव्हासच्या दोन पाठपिशव्या शिवून ठेवल्या होत्या.

मार्चअखेरीची कामं संपली की एप्रिलचा पहिला पंधरवडा, असं आमचं ठरलं. मेपासून त्याच्याकडे पावसाळ्याआधीच्या ताडपत्र्यांची गर्दी सुरू व्हायची, त्याआधी परत. पहिल्या वर्षी मी स्टेशनवर पिशवीसोबत चाकांची बॅग घेऊन गेलो, तर प्लॅटफॉर्मवरच ओरडला, "काहून बे, लग्नाले चालला का?" ती बॅग माझ्या मुलाच्या हाती परत गेली. दोन शर्ट, एक चादर, चिवडा आणि पाण्याच्या बाटल्या. पहाटे निघायचं, दहापर्यंत चालायचं, सावली पकडायची, चारला पुन्हा निघायचं. रात्री देवळात, बुद्धविहारात, शाळेच्या ओसरीवर किंवा कोणी हाक मारली तर त्याच्या अंगणात. नागपूरच्या उन्हाची सवय असलेल्या आम्हाला तिथलं ऊन काहीच वाटेना, पण घामानं हैराण व्हायचो. मिलिंद म्हणायचा, "आपलं ऊन भाजते, हे उकडते." नियम एकच होता. ज्या जागी दोघं थांबलो, त्याच जागी पुढच्या वर्षी दोघं उभे राहायचं आणि तिथूनच पुढे निघायचं. एखादा आजारी पडला तर दुसऱ्यानंही थांबायचं. हा नियम त्यानं केला होता आणि मी हसत मान डोलावली होती.

खाडी आली की तरीतून, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीतून, पलीकडे जायचो. दोघांनाही पोहता येत नव्हतं. पहिल्या तरीत मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. ते त्यानं पाहिलं आणि माझ्या बाजूला येऊन बसला. त्या होड्या मोठ्या, इंजिनाच्या. त्यांची मला पुढे सवय झाली, निदान मी तसं समजत होतो.

चौथ्या वर्षी देवगडजवळ एका आंब्याच्या बागेत पाच दिवस राहिलो. तोडणीला माणसं कमी होती आणि मिलिंदनं मालकिणीला विचारलं, "आमाले ठेवता का? जेवण द्या, बस." तिनं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोन झेले दिले. झेला म्हणजे लांब बांबूच्या टोकाला लावलेली जाळी आणि पातं. आंबा त्यात अडकवून देठासकट कापायचा. पण हाताशी आलेले खालचे आंबे आम्ही सरळ हातानं पिळून तोडले. आमच्याकडे संत्री तशीच तोडतात, त्यात विचार करण्यासारखं काय आहे, असं आम्हाला वाटलं. तासाभरानं ती बाई आली आणि तिनं कपाळाला हात लावला. देठ मुळापासून तुटल्यामुळे चीक आंब्यांवर ओघळला होता, जिथे ओघळला तिथे काळे डाग पडणार होते. "पेटीत घालण्यासारखा एक तरी ठेवलात का?" मिलिंदनं डाग पडलेले सगळे आंबे बाजूला मांडले आणि म्हणाला, "ताई, हे आमच्या जेवणात लावा." पाच दिवस आम्ही दोन्ही वेळा आंबाच खाल्ला. निघताना तिनं त्याला पेट्यांवर घालायच्या तिच्या ताडपत्रीची शिवण दाखवली. ती पाहून तो अर्धा दिवस आणखी थांबला आणि सगळी उसवलेली शिवण हातानं नीट करून दिली. असा होता तो. चूक झाली की मान खाली घालून बसायचा नाही, हाताला काम शोधायचा.

पाचव्या वर्षी आम्ही मालवणच्या खाली देवबागला पोचलो. तिथे जमीन संपते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, आणि खाडीपलीकडे भोगवे. तिथून रेडी फक्त चार दिवसांची वाट. शेवटच्या दिवशी संध्याकाळी वाळूवर एक सत्तरीचे गृहस्थ होडीचं शीड पसरून बसले होते. त्यांचं नाव बाबीकाका. उलांडीची होडी होती, म्हणजे एका बाजूला कलंडू नये म्हणून लाकडाचा ओंडका बांधलेली, बारकी. मासेमारीला आता सगळे इंजिन वापरतात, पण बाबीकाका म्हणाले की खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायला त्यांना वारा पुरतो. शीड जुनं होतं, जागोजाग विरलेलं. मिलिंद त्यांच्याशेजारी उकिडवा बसला, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि न विचारता शिवायला लागला. त्यांनी त्याच्या टाक्यांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तासाभरानं दोघांची अशी मैत्री झाली होती की मी बाजूला बसून फक्त ऐकत होतो. निघताना मिलिंद म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी नवं शीड मी शिवून आणतो. त्यातूनच आमाले पलीकडं सोडा."

वर्षभर तो त्यासाठी कापड शोधत होता. सहाव्या वर्षी आम्ही देवबागला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत कपडे आणि त्याच्या पिशवीत शीड होतं. बाबीकाकांनी ते वाळूवर उलगडलं. शिवण सरळ, कडा ताठ, कोपऱ्यांत पितळी कड्या. एक सुरकुती नाही. बाबीकाका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "ह्यां शीड न्हय. ह्यां ट्रकार घाला." मग त्यांनी तळहात वाटीसारखा करून दाखवला. "पोट खंय आसा हेका? वारो रवतलो खंय?" मिलिंदनं आयुष्यभर एकच गोष्ट केली होती, कापड असं शिवायचं की त्यात पाणी साचायला कुठे झोळ राहू नये. शिडाला मात्र झोळच लागतो. तो वाळूवर बसला आणि हसायला लागला. "दिल्या, तीस वर्षं ज्याले मी खोट समजत होतो, तेच यांले पाहिजे हाय ना बे!"

जुनं शीड तोवर पार फाटलं होतं, म्हणून नवंच लावून पाहायचं ठरलं. मी पण बसलो. खाडीच्या मधोमध ते सपाट शीड वारा धरेना, नुसतं फडफडायचं, आणि मग एकाएकी समुद्राकडून जोराचा झोत आला. होडी एका बाजूला झुकली. उलांडी पाण्याबाहेर उचलली गेली आणि माझा एक हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. बाबीकाका ओरडले, "धरून बसा, काय होवचा नाय!" आणि त्यांनी दोर सोडला. होडी सरळ झाली. एवढंच झालं. दहा-बारा सेकंद. मिलिंदचे डोळे चमकत होते, "पाह्यलं का, पाह्यलं का?" असं तो म्हणत होता. मी किनारा लागेपर्यंत होडीची कड सोडली नाही. किनाऱ्यावर आल्यावर मी पोट बिघडल्याचं सांगितलं. बाबीकाकांच्या घरचं जेवण मी टाळलं, तर मिलिंदनं घरच्यांची माफी मागितली, माझ्यासाठी केळी आणली आणि रात्री दोनदा उठून विचारलं, "बरं वाटून राहिलं का?" दुसऱ्या दिवशी आम्ही खाडी न ओलांडता नागपूरला परतलो. नियम होताच, एक आजारी तर दोघं थांबायचं.

त्याच मे महिन्यात त्यानं दुसरं शीड शिवायला घेतलं. बाबीकाकांना फोन लावायचा, ते हातात आणि वितीत मापं सांगायचे, आणि हा ती भिंतीवर खडूनं लिहायचा. कापडाचे पट्टे मधे फुगीर, टोकांना निमुळते कापायचे, म्हणजे जोडल्यावर आपोआप पोट येतं, हे त्याला तीन वेळा उसवल्यावर जमलं. एका रविवारी त्यानं मला घराच्या गच्चीवर बोलावलं. दोन बांबू, मधे शीड, एक दोर माझ्या हातात. दुपारची गरम हवा आली आणि कापड एकदम भरलं. मला दोन पावलं पुढे ओढलं त्यानं. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "काहून गा मिलिंदभाऊ, कूलर उडून राहिला का?" मिलिंद कापडाखाली उभा राहून वर बघत होता, एखाद्याच्या तब्येतीकडे बघावं तसा. रंजनावहिनी खालच्या कोपऱ्याची कडी ओढून बघत होत्या. मी दोर धरून उभा होतो आणि मला तेव्हाच ठाऊक होतं की मी त्या होडीत पुन्हा बसणार नाही.

हे त्याला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. मार्चमध्ये त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, साहेब सुटी देत नाहीत. पुढच्या मार्चमध्ये म्हटलं, साहेब बदलले, नवे आणखी कडक आहेत. खरं तर दोन्ही साहेब सौम्य होते आणि माझी रजा दरवर्षी वाया जात होती. मी एप्रिलभर कार्यालयात बसून राहायचो, खोटं उघडं पडू नये म्हणून. मी त्याला म्हटलं, "तू जा ना एकटा." तो म्हणाला, "एकट्यानंच जाचं असतं तर पहिल्याच वर्षी गेलो असतो ना बे."

तिसऱ्या मार्चमध्ये तो न सांगता सदरला माझ्या कार्यालयात आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. शिपायानं मला खाली बोलावलं तेव्हा तो फाटकाशी उभा होता. "तुह्या साहेबाले भेटतो. चांगला माणूस असन, समजावून सांगतो. पंधरा दिवसांनं काय ऑफिस बुडते का?" मी त्याला आत येऊ दिलं नाही. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हटलं आणि समोरच्या टपरीवर चहाला नेलं. तो कपाकडे बघत म्हणाला, "बाबीकाका ब्याऐंशीले लागले म्हणून राहिले फोनवर. मस्करी करतात ते, पण वय तर होऊन राहिलं ना." मी मान हलवली. चहा संपल्यावर त्यानं कार्यालयाच्या इमारतीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या वर्षी तुह्यं जमन." त्याला त्या इमारतीत वर चढून जायचं होतं, माझ्यासाठी. पुढच्या फेब्रुवारीत रंजनावहिनींचा तो फोन आला.

मिलिंद गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलेलं होतं. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. रंजनावहिनींनी मला दुकानात बोलावलं. मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं. कोपऱ्यात दोरीनं बांधलेली शिडाची घडी होती. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमी नेऊन द्या. तुमच्या साहेबानं आता तरी सुटी द्यावी." त्यात टोमणा नव्हता. त्यांनी तो साहेब खराच मानला होता. मी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "वहिनी, साहेबानं कधी नाही म्हटलंच नव्हतं."

सगळं सांगितलं. शीड, झोत, पोट, तीन एप्रिल. त्यांनी मधे विचारलं, "काहून मग?" मी म्हटलं, "भीती वाटत होती. आणि भीती वाटते हे त्याला सांगायची लाज वाटत होती." त्यांनी मशीनवर टाकलेलं कापड सारखं केलं. मग म्हणाल्या, "भेव लागते म्हणाचं होतं ना भाऊजी. हसले असते ते. दोन दिवस चिडवलं असतं तुमाले. मग म्हणाले असते, चल, पुलानं जाऊ. एवढ्या मोठ्या खाडीवर आत कुठं तरी पूल असनच ना?" मी म्हटलं, आहे. त्या उठल्या आणि घडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पावसाच्या आधी न्या." चहा घेता का, असं नेहमीसारखं विचारलं नाही.

पूल आहे. देवबागहून मागे फिरून खाडीच्या कडेनं आत गेलं की लागतो. दिवसभराची चाल वाढते, एवढंच. तीन वर्षांत माझ्या मनात तो एकदाही आला नव्हता, कारण मी रस्ता शोधत नव्हतो, सबब शोधत होतो.

गेल्या आठवड्यात मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी वाचलासुद्धा नाही, सही केली. देवबागला बाबीकाका होते, थोडे वाकलेले. "तुमचो दोस्त खंय?" मी सांगितलं. तेही सांगितलं, जे वहिनींना सांगितलं होतं. त्यांनी घडी सोडली, शीड पसरलं, शिवणीवरून हात फिरवत एका कडेनं गेले आणि दुसऱ्या कडेनं आले. डोलकाठीला बांधलं. बारीक वारा होता. कापड आधी थरथरलं, मग भरलं. "आता इलां बगा पोट," ते म्हणाले. मला चला म्हणाले नाहीत, मीही निघालो नाही. ते होडी घेऊन गेले आणि मी पिशवी उचलून मागे वळलो.

पुलावरून खाडी ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भोगव्याच्या वाळूवर पोचलो. खाडीच्या तोंडाशी ते शीड दिसत होतं, जाळं टाकून परत येणारं. मी रंजनावहिनींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिकडे धरला. लांब होतं, त्यांना कितपत दिसलं माहीत नाही. त्यांच्या मागे मशीनचा आवाज येत होता. एप्रिल आहे, कामाची गर्दी सुरू होते आहे, मशीनवर आता त्यांनी एक माणूस ठेवला आहे. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "खालच्या कोपऱ्याची शिवण धरून हाय का?"

"धरून आहे."

"पुलानं गेले ना?"

"हो."

"बरं." तेवढ्यात दुकानात कोणीतरी आलं असावं, त्यांनी तिकडे मान वळवली. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "उसवली तर घेऊन या. मशीन चालू हाय."